लहानाची उधारी

महाराष्ट्राची गाऱ्हाणी राजधानीत ज्या वास्तूत उतरतात, ते जुने महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे. त्यांतले एक गाऱ्हाणे लहान कारखानदाराच्या थकलेल्या बिलांचे.

थोड्या भांडवलात अधिक हातांना काम, म्हणून १९५५ साली प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या समितीने ग्रामोद्योगांचा व लघुउद्योगांचा पुरस्कार केला. परंतु ते थोडे भांडवलही पुष्कळदा मोठ्या गिऱ्हाइकाकडेच अडकून पडते. कोल्हापूरच्या लहान फाउंड्रीवाल्याला मजुरी वेळेवर चुकवावी लागते. ओतकामाचे बिल मात्र महिनोन्महिने थकते. म्हणजे, श्रोतेहो, लहानच मोठ्याला कर्ज देतो, आणि तेही बिनव्याजी!

२००६ च्या कायद्याने अशा उधारीची कमाल मुदत ४५ दिवस ठरविली. पुढे चक्रवाढ व्याज लावले. तरी आपल्याच गिऱ्हाइकावर दावा कोण लावणार? कायदा हक्क देतो, पुढचे काम देत नाही. म्हणून १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली प्राप्तिकराची तरतूद महत्त्वाची. मुदत उलटलेल्या बिलाची वजावट पैसे चुकते केल्यावरच मिळते. लहानाला तक्रार न करता पैसा मिळाला, तरच त्याच्याकडील हातांचे काम टिकेल.