रहदारीचा रस्ता आणि याचक

तांबडा दिवा लागून वाहनांची रांग थबकली की तिच्या फटींतून गजरे, पेने आणि काचा पुसण्याची फडकी घेतलेली मुले व बाया शिरतात, कोणी नुसताच हात पुढे करतो, आणि दिवा हिरवा होण्याच्या आत ज्याला त्याला आपला व्यवहार उरकून दुभाजकावर परतावे लागते. या माणसांना तेथून हटवावे काय, आणि हटवायचे तर कोणत्या कायद्याच्या आधारे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रस्त्यावर जमण्यास मनाई करण्याचे अधिकार सरकारपाशी पूर्वापार आहेत. 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमान्वये निघणारा जमावबंदीचा हुकूम आपल्या परिचयाचाच आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा किंवा धोका उत्पन्न करणाऱ्यास जुन्या दंडसंहितेच्या 283 व्या कलमाखाली 200 रुपयांपर्यंत दंड होई. 2023 च्या भारतीय न्याय संहितेने ही मर्यादा 5000 रुपयांवर नेली. या कलमाचा मला वाटणारा गुण असा की, वाट अडविणारा इसम धनवान आहे की निष्कांचन, याची चौकशी ते करीत नाही. भर चौकात मोटार आडवी लावणारे शेटजी आणि हातगाडीवाला त्याच्या लेखी सारखेच.

1959 च्या मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियमाची दृष्टी मात्र निराळी आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्यकथनाच्या अथवा एखादी वस्तू विकण्याच्या मिषाने का असेना. भिक्षेसाठी खाजगी आवारात प्रवेश करणे. इतकेच नव्हे, तर उदरनिर्वाहाचे उघड साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक जागी भटकणे, एवढे सारे त्याने ‘भीक मागणे’ या एका व्याख्येत कोंबले. तिचा शब्द न् शब्द काटेकोर धरल्यास पहाटेचा वासुदेव, नंदीबैलवाला आणि माधुकरी मागून शिकलेला विद्यार्थी हे सारेच कायद्याच्या कचाट्यात सापडतील. बृहन्मुंबईत पोलीस आयुक्तांच्या परवानगीने वर्गणीचा डबा फिरविणाऱ्यास मात्र मुभा आहे! वॉरंटावाचून अटक, पहिल्याच वेळी 1 ते 3 वर्षे स्थानबद्धता आणि पुनःपुन्हा सापडल्यास 10 वर्षांपर्यंत, असा हा बंदोबस्त. वाट अडविणाऱ्यास दंड आणि वाट न अडविता हात पसरणाऱ्यास चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाची कोठडी, हे तारतम्य मला तरी उमगत नाही.

हाच कायदा पुढे दिल्लीस लागू झाला, आणि 8 ऑगस्ट 2018 रोजी तेथील उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. दुसऱ्यास भिकेला लावणाऱ्यास शासन करणारे कलम मात्र कायम राहिले, आणि ते योग्यच झाले, कारण सिग्नलवरच्या पोराच्या ओंजळीतील नाणी संध्याकाळी कोणाच्या खिशात जातात हा प्रश्न खरोखरच पोलिसांचा आहे.

दुभाजकावर उभे राहणे धोक्याचे असते, हा युक्तिवाद पोकळ नव्हे. अमेरिकेतील मेन राज्याच्या पोर्टलंड शहराने 2013 मध्ये याच कारणास्तव दुभाजकांवर थांबण्यास सरसकट बंदी केली होती. तिच्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांत एका याचकाबरोबर राजकीय फलक घेऊन उभे राहणारे नागरिकही होते. 2015 मध्ये अपील न्यायालयाने ही बंदी अवैध ठरविली. सौम्य उपाय करून न पाहताच शहराने सर्वांना सर्वत्र मनाई केली, हा त्यातील मुख्य आक्षेप.

आपल्याकडे करोनाच्या काळात रहदारीच्या चौकांतून व बाजारांतून भिकाऱ्यांना मज्जाव करावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. जुलै 2021 मध्ये न्यायालयाने तिला नकार दिला, दारिद्र्य हेच भिक्षेचे मूळ असल्याचे सांगितले, आणि या लोकांच्या लसीकरणाची व पुनर्वसनाची काय तजवीज केली, अशी विचारणा उलट सरकारलाच केली.