जकात, घरपट्टी आणि हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लहानपणी एका शब्दानं मला फार गोंधळात टाकलं होतं. तो शब्द म्हणजे 'जकात'. माझे अब्बा आठवडी बाजारात कापड विकायचे. सोलापूरहून माल आणायचे. एसटीच्या टपावर त्यांचं गाठोडं असायचं आणि गावाच्या वेशीवर नाक्याचा कारकून ते खाली उतरवायला लावायचा. गाठोडं सुटायचं, ताग्यांची मोजणी व्हायची, पावती फाटायची. घरी आल्यावर अब्बा चपला काढता काढता म्हणायचे, 'आजची कमाई जकातीत गेली.' त्यांचा चेहरा पडलेला असायचा.

आणि त्याच घरात रमजान आला की अम्मी ट्रंक उघडून पैसे काढायची, दोनदा मोजायची आणि म्हणायची, 'जकात द्यायची आहे.' तिच्या चेहऱ्यावर समाधान असायचं. शब्द एकच. एक देताना माणूस चिडतो आणि दुसरी देताना सुखावतो, हे कसं? एकदा मी अम्मीलाच विचारलं. ती म्हणाली, 'माझी जकात कुठे जाते ते मला माहीत आहे. नाक्यावरची कुठे जाते ते तुझ्या अब्बांना विचार.' मी विचारलं. अब्बांनाही ते ठाऊक नव्हतं.

शब्द खरोखरच एक आहे. अरबीतून फारसीमार्गे तो मराठीत आला आणि इथे मालावरचा कर होऊन बसला. धर्मातली जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला शेकडा अडीच हिस्सा. तो कुणाला द्यायचा याचे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत. गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत, वाटसरू आहेत. जकात गोळा करणाऱ्याचा मेहनतानासुद्धा त्यात धरला आहे. म्हणजे घेणारा कोण आणि खर्च कशावर, हे देणाऱ्याला आधीच माहीत असतं. आज मी धर्मावर बोलणार नाही. पण कराबद्दल बोलायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा अम्मीचं ते वाक्यच येतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या गावात नगरपरिषदेच्या निवडणुकीची धामधूम होती. मतदान २ डिसेंबरला होतं. चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर, मंदिराच्या पारावर, एसटी स्टँडवर विषय एकच. घरपट्टी! कुणी म्हणे दुप्पट झाली, कुणी म्हणे तिप्पट. त्यातच कुणी जीएसटीवर बोले, कुणी पेट्रोलवर. सगळा राग एका पोत्यात भरून लोक मतदान केंद्राकडे निघाले होते.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. एकट्याच असतात. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये त्या पापड-कुरडया करतात आणि विकतात. दर चार वर्षांनी होणारी नवी कर आकारणी झाली, तेव्हा मोजणीला आलेल्या माणसानं ती शेड व्यापारी वापराची म्हणून लिहिली. बिल आलं ते आधीच्या तिप्पट. काकूंनी हरकत घेतली. मीच त्यांना अर्ज लिहून दिला. सुनावणीला त्या गेल्या, अर्धा दिवस बसल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, 'भाई, समोर साहेब होते. चांगले बोलले. पण आपल्या वॉर्डाचं कुणीच नव्हतं हो.'

श्रोतेहो, कुणी असणार कसं? आमच्या नगरपरिषदेची मागची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती. पाच वर्षांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. राज्यातल्या बहुतेक नगरपालिका आणि महापालिकांची हीच अवस्था होती. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा प्रश्न कोर्टात अडकला होता. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं गाडी हलली. १९९३ पासून अमलात असलेली ७४ वी घटनादुरुस्ती सांगते की, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. ती झाली नाही. पण घरपट्टी थांबली नाही. बिल वेळेवर आलं, थकलं तर महिन्याला शेकडा दोनप्रमाणे शास्ती लागली. विचारायला मात्र दार नव्हतं.

लोकांच्या रागाचं मूळ मला इथे दिसतं. आकडा बोचतोच, नाही असं नाही. पण कर देऊनही विचारायला जागा नाही, हे त्याहून जास्त बोचतं.

हे अंतर त्याआधीपासूनच वाढत होतं. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. नाक्यावरच्या रांगा गेल्या, चिरीमिरी गेली, फार चांगलं झालं. अब्बांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. पण नगरपालिकेचं स्वतःचं मोठं उत्पन्नही त्याच दिवशी गेलं. त्याबदल्यात राज्य सरकारचं सहायक अनुदान आलं. महापालिकांमध्ये जकातीच्या जागी एलबीटी आला. त्याविरुद्ध २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापारी त्यातून सुटले आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा मुंबईची जकातही संपली. आता महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. म्हणजे पैसा आपल्याच खिशातला, पण तो आधी वर जातो आणि मग खाली येतो. वाटेत त्याच्यावरचं आपलं नाव पुसलं जातं.

जीएसटीचे दर नगरसेवक ठरवत नाही. ते केंद्र आणि राज्यांच्या परिषदेत ठरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यातले पुष्कळ दर उतरले, त्यातही आमच्या नगरपरिषदेचा काही हात नव्हता. घरपट्टीच्या बिलातसुद्धा सगळं नगरपरिषदेचं नसतं. त्यातला शिक्षण कर राज्याचा असतो. व्यापारी इमारत असेल तर रोजगार हमी कराची ओळ येते, तीही राज्याची. काकूंच्या शेडमुळे त्यांच्या बिलात ही ओळ नव्यानं आली होती. नगरपालिका इथे फक्त वसुली करणारी. मग उमेदवार गल्लीत येऊन 'घरपट्टी निम्मी करतो' म्हणतो, तेव्हा तो कशाच्या जोरावर म्हणतो?

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. मी कविता लिहितो, हे गावाला माहीत आहे. निवडणूक आली की प्रचारासाठी कवीची आठवण होते. २०१६ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला मी घरपट्टीवर चार ओळी लिहून दिल्या. निम्म्या घरपट्टीचं वचन मी यमकात बसवलं. रिक्षाच्या भोंग्यावरून त्या ओळी आठ दिवस गावभर फिरल्या. ते नोटाबंदीचे दिवस. जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा कर भरायला चालत होत्या, म्हणून थकबाकीदारांची रांग कार्यालयाबाहेर लागली होती. एकीकडे रांग आणि दुसरीकडे माझ्या ओळी! उमेदवार निवडून आला. घरपट्टी निम्मी झाली नाही. होणारही नव्हती, कारण दर ठरवताना कायद्याच्या चौकटीत राहावं लागतं आणि पथदिव्यांचं, पाण्याच्या मोटारीचं वीजबिल काही निम्मं होत नाही. मी त्या ओळी लिहिताना हे कुणाला विचारलं नव्हतं. यमक जुळलं होतं, तेवढ्यावर मी खूश होतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच भोंगा पुन्हा आला. उमेदवार दुसरा, ओळी माझ्याच. न विचारता घेतलेल्या. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, 'तुमचंच ना हो हे, भाई?' त्या रागावल्या नव्हत्या. नुसतं विचारत होत्या. मला मात्र खाली बघावं लागलं.

दोन दिवसांनी तो उमेदवार घरी आला. मित्राचाच मुलगा. 'चाचा, या वेळी शास्तीमाफीवर काहीतरी नवीन द्या.' मी म्हटलं, 'बाबा, दरवेळी माफी जाहीर होते आणि ज्यानं उसनवारी करून वेळेवर भरलं तो मूर्ख ठरतो. त्यापेक्षा एक कर. तुझ्या वॉर्डातून घरपट्टी किती जमली आणि वॉर्डावर खर्च किती झाला, हे दरवर्षी चौकात फळ्यावर लिहीन, एवढंच वचन दे. त्याला यमकाची गरज नाही.' तो हसला. म्हणाला, 'त्यानं मतं मिळतील का, चाचा?'

प्रश्न त्यानं मला विचारला होता, पण तो तुम्हा-आम्हा सगळ्यांना आहे.

महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचं ठरलं. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. कर कमी करा, असं ते त्या दिवशी म्हणत नव्हते. लोकांचा पैसा कुठे चाललाय, एवढंच ते विचारत होते. नगरसेवकाचं पहिलं काम हेच आहे आणि मतदाराचंही.

यासाठी आज वाटा आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे आणि त्यातल्या कलम चारप्रमाणे अंदाजपत्रकाची माहिती कार्यालयानं मागण्याआधीच खुली ठेवायची असते. आकारणीची यादी लागते तेव्हा हरकतीची मुदत असते. ती आपण झोपेत घालवतो आणि बिल आल्यावर जागे होतो. नगरपालिकेचं अंदाजपत्रक मार्च उलटण्याआधी सभेपुढे येतं. त्या सभेत आपला नगरसेवक काय बोलला, हे आपल्यातल्या कितीजणांनी त्याला विचारलं आहे? निवडणुकीच्या दिवशी बोटाला शाई लागते. ती काही दिवसांत जाते आणि तिच्याबरोबर आपला रागही जातो. आपण निवडून देतो पाच वर्षांसाठी आणि रागावतो पंधरा दिवस.

अम्मी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक वही सापडली. रमजानच्या रमजान लिहिलेली. इतकी शिल्लक, त्यावर इतकी जकात, या या घरी दिली. अक्षर वेडंवाकडं, पण बेरीज बरोबर. तिला कुणी हिशेब विचारणार नव्हतं, तरी तिनं लिहून ठेवला होता.

काकूंच्या शेडचा अर्ज मी पुन्हा लिहून दिला आहे. आता वॉर्डाला नगरसेवक आहे. तारीख लागली की आम्ही दोघं जाणार आहोत. बिल कमी होईल की नाही, सांगता येत नाही. पण काकूंनी मला बजावलंय, 'भाई, माझं झालं की तिथेच विचारायचं, आपल्या गल्लीच्या गटारीला गेल्या वर्षी किती पैसे लागले?' मी तो प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवला आहे.