बुद्धाचं नाव ऐकून ती बाई घाबरली

(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण येत नाही. मी गोदीत माल उतरवणारा माणूस. मॅट्रिक झालो, पुढं शिकायला पैसा नव्हता. कविता करतो, पण आज कविता म्हणणार नाही. आज एका कुटुंबाबद्दल बोलायचंय. नवरा, बायको, तीन पोरं. आणि आपल्याबद्दलही बोलायचंय. ते काहींना आवडणार नाही, तरी ऐकून घ्या.

गेल्या हिवाळ्यात दिल्लीला गेलो होतो. तिथं यमुनेच्या काठाला, कालिंदी कुंजच्या बाजूला रोहिंग्यांची वस्ती आहे. बांबू, ताडपत्री, जुने फ्लेक्स. दारात भंगाराचे ढीग. बाटल्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, वायर वेगळी. बघितलं आणि वाटलं, अरे, ही तर आपलीच वस्ती. आपल्या आयाबहिणींनी हेच वेचलंय.

एका झोपडीत ती बाई शिवत बसलेली. ब्रह्मदेशातल्या आराकानची, बुथिडाँगकडची. २०१२ साली आराकानात मुसलमानांच्या वस्त्या जळाल्या, तेव्हा नवऱ्याबरोबर निघाली आणि बांगलादेशातून इथं आली. पोरं इथंच जन्मली. थोरली पोरगी फर्ड्या हिंदीत भांडते. युनोच्या निर्वासित कचेरीचं कार्ड त्यांच्याकडं आहे. नवऱ्याला कागद तपासायचेत म्हणून बोलावलं. तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गेला. परत आला नाही. डांबून ठेवलाय. गुन्हा काय? परदेशी आहे. कधी सोडणार? कोणी सांगत नाही.

तिनं चहा दिला. मग विचारलं, "भैया, आप कौन लोग?"

मी छाती काढून सांगितलं, "बुद्धिस्ट."

बाईचा चेहरा उतरला. धाकटं पोर तिनं मांडीवर ओढून घेतलं. पुढं बोललीच नाही.

दोस्तांनो, माझ्या पणज्यानं घरातले देव नदीत सोडले आणि हा शब्द घेतला. या शब्दानं आमचा कणा ताठ झाला. जोहार गेला, जय भीम आला. आणि तोच शब्द ऐकून एक फाटकी बाई पोर लपवते! त्या रात्री मला झोप आली नाही. तुम्हालाही येऊ नये म्हणून इथं उभा आहे.

ती का घाबरली ते समजून घ्या. ब्रह्मदेशानं १९८२ साली नागरिकत्वाचा कायदा केला. तिथलं सरकार १३५ जमाती मान्य करतं, त्यात रोहिंग्या नाहीत. पिढ्यान्पिढ्या तिथं राहिलेली माणसं एका कायद्यानं उपरी झाली. दुसऱ्या गावाला जायचं तर परवाना. लग्न करायचं तर परवाना. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. विराथू नावाचा चीवर घातलेला माणूस गावोगाव मुसलमानांविरुद्ध विष ओकत फिरला. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये लष्करानं गावंच्या गावं पेटवली. सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली.

कोणी म्हणेल, त्यांच्यातही हत्यारबंद टोळी होती. होती. २५ ऑगस्ट २०१७ ला तिनं पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्याच सुमाराला गरीब हिंदू गावकऱ्यांनाही मारलं. हे मी लपवणार नाही. खुन्याला खुनी म्हणा. पण ही बाई त्याच्या पाच वर्षं आधीच देश सोडून आलेली. तिच्या नवऱ्याच्या हातात भंगाराचं पोतं आहे, बंदूक नाही.

आता आपलं बोलू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा कोणी दिली? महास्थवीर चंद्रमणींनी. कुठले ते? आराकानचे! ज्या मातीतून या बाईला हाकललं, त्याच मातीतल्या भिक्खूनं आपल्या बापाला त्रिशरण दिलं. म्हणजे आराकानचं देणं आपल्यावर आहे. ते आपण गप्प बसून फेडणार काय?

आणि तिथले सगळे भिक्खू विराथू नाहीत. मार्च २०१३ मध्ये मेक्तिला शहरात मुसलमानांची कत्तल चालली होती, तेव्हा एका विहाराच्या प्रमुखानं शेकडो मुसलमानांना आत घेतलं आणि मारायला आलेल्या जमावाला दारातच अडवलं. दोघांच्याही अंगावर चीवर. आपण कोणाच्या बाजूचे, एवढंच ठरवायचंय.

कायद्याचं म्हणाल तर १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. आसऱ्याचा हक्क देणारा वेगळा कायदाही इथं नाही. २०१९ साली नागरिकत्वाची दुरुस्ती आली. तिच्यात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहे, ब्रह्मदेश नाही. हिंदू, शीख, जैन, पारशी, ख्रिश्चन आहेत. बौद्धही आहेत. मुसलमान नाहीत. आपलं नाव यादीत आहे म्हणून आपण खूश व्हायचं? अरे, यादी करून माणसं आत-बाहेर करणं हा मनूचा धंदा. त्या यादीत आज आपण वर आहोत, एवढाच फरक.

बाबासाहेबांच्या घटनेतलं कलम १४ काढा, कलम २१ काढा. तिथं 'नागरिक' शब्द नाही. 'व्यक्ती' आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत सांगितलं, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाचा जीव राखणं हे राज्याचं काम आहे. चकमा बौद्ध आहेत. त्यांच्यासाठी हे बरोबर असेल, तर या बाईसाठी चूक कसं? ८ एप्रिल २०२१ ला त्याच न्यायालयानं रोहिंग्यांना परत पाठवायला मनाई केली नाही. इथं राहण्याचा हक्क नागरिकाचाच, असं म्हटलं. पण १४ आणि २१ कलमं सगळ्यांना लागू आहेत हे मान्य केलं, आणि ठरलेली रीत पाळल्याशिवाय पाठवू नका, असंही बजावलं.

मे २०२५ मध्ये तक्रार झाली की चाळीसच्या आसपास रोहिंग्यांना लाइफ जॅकेट घालून ब्रह्मदेशच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवलं. न्यायालयानं त्या हकिगतीवर शंका घेतली. युनोच्या तज्ज्ञानं चौकशी सुरू केली. खरं-खोटं चौकशीनं ठरू दे. पण मी समुद्राच्या काठावर घाम गाळतो, म्हणून सांगतो. गोदीत बेवारशी माल आला तरी त्याची नोंद होते, त्याला गोदाम मिळतं, त्याची रीतसर नोटीस निघते. माणसाला तेवढं तरी द्या.

आमच्या टोळीत एकानं विचारलं, आपल्याच वस्तीला पाणी नाही, ही नवी माणसं कशाला? मी म्हटलं, बाबा, ती येण्याआधी तुझ्या नळाला पाणी होतं काय? दुसरा म्हणाला, ते मजुरी पाडतात. मजुरी मुकादम पाडतो. ज्याच्याकडं कागद नाही तो तोंड उघडू शकत नाही, म्हणून पाडता येते. त्याला कागद द्या, उद्या तो आपल्याशेजारी उभा राहून भांडेल.

परत पाठवा म्हणणाऱ्यांनी कुठं पाठवायचं तेही सांगावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करानं तिथलं निवडून आलेलं सरकार उलथवलं. मे २०२४ मध्ये लष्कर आणि आराकान आर्मीच्या लढाईत तिचं बुथिडाँग पुन्हा जळालं.

म्हणून आपली मागणी साधी आहे. त्या माणसाला सोडा, नाहीतर कुठल्या कायद्यानं आणि किती दिवस ठेवणार ते लिहून द्या. या कुटुंबाला ब्रह्मदेशात ढकलू नका. आणि धर्म न विचारता आसरा देणारा कायदा करा.

अर्ज लिहून आणलाय, त्या टेबलावर आहे. त्यावर सही करताना नावापुढं 'बौद्ध' असं लिहा. मुद्दाम लिहा. वकिलाच्या खर्चासाठी डबा ठेवलाय, माझी एका पाळीची मजुरी त्यात टाकलीय. तुम्ही जमेल ते टाका.

तो अर्ज घेऊन मी पुन्हा दिल्लीला जाणार आहे. ती बाई परत विचारेल, आप कौन लोग? मी पुन्हा तेच सांगणार, बुद्धिस्ट. या वेळी तिनं पोर मागं ओढू नये, एवढ्या सह्या माझ्या हातात द्या.

जय भीम!