तिजोरी नसलेलं सरकार

अमेरिकेचं आजचं संविधान हे त्या देशाचं पहिलं संविधान नव्हे. त्याआधी, १ मार्च १७८१ पासून, तेरा राज्यं 'महासंघाच्या कलमां'नी बांधलेली होती. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नाही, सर्वोच्च न्यायालय नाही. पण खरी दुखरी नस होती पैसा. काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या केंद्रीय सभेला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे मागणी करी आणि राज्यं बहुतेकदा टाळाटाळ करत. आयातीवर पाच टक्के जकातीचा प्रस्ताव आला, तो १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला. कलमांत बदल करायला तेराही राज्यांची संमती लागायची ना!

याची झळ बसली ती स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सैनिकांना. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी त्यांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाने संरक्षण दिलं नाही, आणि काँग्रेसला प्रिन्सटनला निघून जावं लागलं. माझ्या मते त्या सरकारची हतबलता याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

१७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी उठले. ते बंड मोडायला फौज उभी राहिली, ती काँग्रेसच्या नव्हे, व्यापाऱ्यांच्या पैशावर. अशा अनुभवांनंतर मे १७८७ मध्ये कलमं दुरुस्त करायला प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले, आणि सप्टेंबरपर्यंत त्यांनी नवंच संविधान लिहून काढलं.