निळ्या टाकीत शेतातला युरिया घालू नका



मागच्या संत्र्याच्या हंगामात काटोलकडचे एक बागायतदार आजारी वडिलांना पिकअपमध्ये घालून धंतोलीत आले. धंतोली म्हणजे नागपूरची दवाखान्यांची वस्ती, आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. दवाखाना दोन चौकांवर राहिला आणि गाडीचा जोर गेला. म्हाताऱ्याला ऑटोतून न्यावे लागले. समोरचा पिवळा दिवा चार दिवसांपासून लागलेलाच होता.

निळ्या झाकणाच्या टाकीत त्यांनी घरच्या पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवून ओतला होता. मला म्हणाले, "साहेब, त्याच्यात युरियाच तर लागते ना?"

लागतो, पण तो नव्हे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या अनेक डिझेल गाड्यांत धुराच्या नळीत एक द्रावण फवारले जाते. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेले पाणी असते. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन वायूंचे साधा नायट्रोजन व पाणी बनते. आपल्या खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, विहिरीच्या पाण्यात क्षार. त्याने फवाऱ्याचे बारीक छिद्र बुजते आणि आतला महागडा भाग निकामी होतो. शिवाय अनुदानाचे खत गाडीत घालणे कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात घ्या.

धूर साफ होतो की नाही, हे गाडीतला छोटा संगणक सतत तपासतो. बिघाड दिसला की दिवा लावतो. दुर्लक्ष केले तर इंजिनाची ताकद कमी करतो. दिव्याची तार तोडून टाकणारे मिस्त्रीही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

१ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही कडक नियम लागू झाले. त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत काजळी धरणारी जाळी असते. ती काजळी आतल्या आत जाळून साफ होते, तेव्हा उष्णता ६०० अंशांच्या आसपास जाते. अशा वेळी ट्रॅक्टर कुटाराच्या ढिगाशी किंवा पऱ्हाटीजवळ उभा करू नका, आणि साफसफाई पुरी होईपर्यंत इंजिन बंदही करू नका.

जुना ट्रॅक्टर काळा धूर ओकत असेल तर आधी एअर फिल्टर पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

आणि चुकून निळ्या टाकीत भलते काही पडलेच, तर किल्ली फिरवू नका. गाडी सुरू न करता आधी टाकी रिकामी करून धुऊन घ्या.