बाण धनुर्धराला साजेसा हवा

(रोहा येथे पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कुंडलिकेच्या काठी वसलेल्या या रोह्याभोवतीच्या डोंगरउतारांवर कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारा तो कातकरी. त्याच्या मागच्या पिढ्यांनी बांबूचे धनुष्य खांद्याला लावून ही राने तुडवली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि ते योग्यच झाले. मात्र शिकार थांबली म्हणून विद्याही थांबावी, असे नाही. ती विद्या आता मैदानावर आली आहे. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. फलटण तालुक्यातील सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. वनवासी कल्याण आश्रमाच्या क्रीडा स्पर्धांतही धनुर्विद्येला मानाचे स्थान आहे. रोह्याच्या वाड्यांतील मुलांनी हेच स्वप्न पाहिले तर त्यात नवल ते काय?

परंतु नवशिक्या मुलाच्या हाती आपण कोणते बाण देतो, याचा विचार क्वचितच होतो. धनुष्याची चौकशी सर्वजण करतात. बाण मात्र जुने, दुसऱ्या कोणी टाकून दिलेले, चार प्रकारचे चार असे गोळा केले जातात. मुलाचा नेम चुकतो. ‘याला जमत नाही’ असा शेरा बसतो आणि मूल मैदान सोडते. दोष बाणाचा, शिक्षा मुलाला!

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा सूक्ष्म विचार केला होता. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत धनुर्वेदाचे प्रकरण आहे. पुढे जाड असलेला बाण, मागे जाड असलेला बाण आणि सर्वत्र सारखा असलेला बाण असे भेद त्यात केले असून, लक्ष्यवेधासाठी सारख्या जाडीचा बाण प्रशस्त मानला आहे. म्हणजे काम कोणते, यावरून बाण ठरवावा. आजचे शास्त्रही निराळे सांगत नाही.

पहिली गोष्ट लांबीची. मुलाने दोन्ही हात आडवे पसरले की बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. ही त्याची प्रत्यंचा ओढण्याची अंदाजे लांबी. हात 160 सेंटिमीटर पसरत असतील तर उत्तर 64 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 25 इंच येते. नवशिक्याचा बाण याहून निदान दोन इंच लांब, म्हणजे 27 इंचांचा हवा. आखूड बाण जास्त ओढला गेला की टेकूवरून मागे सरकतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. मूल वाढते आहे, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट ताठपणाची. याला ‘स्पाइन’ म्हणतात. 28 इंचांवरील दोन आधारांवर बाणाची काडी ठेवून मध्यभागी 880 ग्रॅमचे वजन टांगतात. काडी अर्धा इंच वाकली तर तिचा अंक 500. अंक जितका मोठा, तितकी काडी लवचिक. सुटताना बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून वाकत-सावरत जातो. 18 ते 20 पौंडांच्या हलक्या धनुष्याला सुमारे 1000 अंकाची किंवा त्याहूनही लवचिक काडी लागते. मोठ्या खेळाडूची ताठ काडी त्या मुलाला दिली, तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण सतत डावीकडे जातात. मूल बिचारे आपला हात दुरुस्त करत बसते.

तिसरी गोष्ट वजनाची. बाण फार हलका असला की प्रत्यंचेचा जोर त्यात पुरता उतरत नाही. तो धनुष्यावरच उलटतो आणि धनुष्य तडकू शकते. बाण न लावता प्रत्यंचा ओढून सोडू नये, ही शिस्तही याच कारणासाठी आहे.

साहित्य कोणते घ्यावे? बांबूचा बाण आपल्या मातीतला आहे आणि बांबूच्या धनुष्याच्या ‘इंडियन राउंड’ स्पर्धाही होतात. मात्र सर्व काड्या सरळ आणि सारख्या निवडाव्या लागतात. ॲल्युमिनियमचा बाण एकसारखा मिळतो, वाकला तर डोळ्यांना दिसतो. कार्बनचा हलका आणि महाग. त्याची चीर सहज दिसत नाही आणि तो फुटला की कपच्या हातात शिरतात. म्हणून प्रत्येक वेळी तो हलकेच वाकवून, कान देऊन तपासल्याशिवाय लावू नये. आरंभी महागड्या बाणांचा हट्ट पालकांनी धरू नये.

सहा बाण घ्यावेत, पण सहाही एका लांबीचे, एका वजनाचे, एका पिसांचे असावेत. त्यांवर क्रमांक घालावेत. चौथा बाण रोजच भरकटला तर खोट त्या बाणाची. सगळेच विखुरले तर सराव वाढवायचा. हा साधा उपाय मुलावर होणारा अन्याय टाळतो.

दिवाळीनंतर वाड्यांतील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुले त्यांच्यामागे जातात. सरावाला मिळणारे दिवस थोडे, ते चुकीच्या बाणापायी वाया जाणे परवडणारे नाही. एकलव्याची कथा सांगताना आपण त्याच्या अंगठ्यासाठी हळहळतो. आपल्या दारच्या एकलव्याचा हात मोजून, त्याच्या बळाचे सहा बाण त्याला देणे एवढे तरी समाज म्हणून आपल्याला जमले पाहिजे. यापुढे मदत देताना जुने साहित्य गोळा करण्यापूर्वी हाती मोजपट्टी घ्यावी, इतकीच विनंती.