हसऱ्या चेहऱ्यामागील थकवा



महाबळेश्वरी मे महिन्यात पाहुण्याची खोली वेळेवर तयार नसली, की त्याचा संताप मालकावर होत नाही, व्यवस्थापकावरही नाही. तो होतो पर्यवेक्षकावर. मग त्याला कोणी कॅप्टन म्हणो वा हाउसकीपिंग सुपरवायझर. वरून हुकूम, खालून कुरकुर आणि समोरून राग, या तिन्हींना त्याने हसतमुखाने सामोरे जावे अशी अपेक्षा असते.

हे हसणेही श्रमच होत, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी १९८३ साली विमानसेविकांच्या अभ्यासातून दाखवून दिले. ओझे वाहणाऱ्याचा घाम दिसतो, राग गिळणाऱ्याचा दिसत नाही. असे श्रम साचत गेले की माणूस आतून रिता होतो. पाहुणा त्याला केवळ खोलीचा क्रमांक वाटू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद करताना स्पष्ट केले की, हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम होय. आजार म्हटला की बोट माणसाच्या प्रकृतीकडे जाते; कामाचा परिणाम म्हटला की व्यवस्थापकाला उत्तर द्यावे लागते.

हे उत्तर कायद्यावर सोपवून चालणार नाही. साप्ताहिक सुट्टीची तरतूद करणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातून पर्यवेक्षकीय स्वरूपाची पदे वगळलेली आहेत. म्हणजे वेटरला हक्काने मिळणारी उसंत त्याच्यावर देखरेख करणाऱ्याला वरिष्ठाच्या मर्जीने मिळायची!

पाठिंबा म्हणजे पाठ थोपटणे नव्हे. गार चहाचे पैसे बिलातून वजा करण्याचाही अधिकार ज्याला नाही, त्याने संतप्त पाहुण्याची समजूत घालायची तरी कशाच्या बळावर? त्याने दिलेला शब्द व्यवस्थापकाने पाहुण्यासमोर फिरवू नये. चूक असल्यास मागाहून, एकांतात दाखवावी. पाहुणा शिवीगाळीवर उतरला तर स्वतः पुढे व्हावे. रात्रपाळी संपवलेल्याला सकाळी पुन्हा उभे करू नये. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, आणि तरीही त्या क्वचितच घडतात.

दौऱ्यावरील अधिकारी हेही कोणाचे तरी पाहुणेच असतात. विश्रामगृहात रात्री अकरा वाजता गरम जेवण मागताना, उद्या पहाटेचा चहाही तोच माणूस आणणार आहे काय, एवढी चौकशी करावयास हरकत नाही.